ताटावरून कोणी उठायचं नाही

माझा भाऊ एरहार्ट वाईट माणूस नव्हता, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते, पण दातओठ खाऊन म्हणते. सलग चार नाताळ तो आपल्या खिडकीत खोटं मांडून बसला आणि आम्ही सगळे ते खोटं बघत त्याच्याच घरी केक खात राहिलो. खरं तर मला त्याच्याबद्दल सांगायचंच नाही. सांगायचं आहे ते माझ्या वहिनीबद्दल, ट्राउडलबद्दल. पण त्याला वगळून तिची गोष्ट होत नाही, आणि ह्याचाही मला रागच येतो.

आमच्या एर्झगेबिर्गच्या डोंगरात नाताळात खिडकी बघून घरातली मुलं मोजतात. मुलगा झाला की खिडकीत लाकडाचा खाणकामगार, मुलगी झाली की लाकडाचा देवदूत. दोघांच्या हातात मेणबत्त्या आणि तोंड रस्त्याकडे. पूर्वी खाणीतून अंधारात घरी येणाऱ्या माणसाला आपलं घर त्यावरूनच ओळखू यायचं. मुलं मोठी झाली, लग्न करून गेली, तरी आईबापांच्या खिडकीतली त्यांची जागा जात नाही. एरहार्ट कातारी होता, खोऱ्यातला सगळ्यात चांगला. उल्रिके झाली त्या आठवड्यात त्याने लिंडेनच्या लाकडाचा तिचा देवदूत स्वतः लेथवर कातला. पाच वर्षांनी फाइट झाला तेव्हा खाणकामगार. बाकीचे बाप कारखान्यातून आणायचे, पण माझ्या भावाला ते चालण्यासारखं नव्हतं.

ट्राउडल आमच्या घरात आली ती खालच्या सपाटीवरून, जिथे नाताळात एक झाड उभं केलं की संपलं. पहिल्या वर्षी आमच्या आईने तिला दिव्यांची कमान खिडकीच्या मधोमध का ठेवायची, हे तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा तिच्या हातून काढून स्वतःच ठेवली. दहा वर्षांनी अख्खी गल्ली ट्राउडलला विचारून आपापल्या कमानी ठेवत होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती पहाटेपासून माळ्यावर चढलेली असायची. खोकी उतरवायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मेंढपाळांना एकेक करून बाहेर काढायची, जंगलातून आणलेलं शेवाळ ताटात पसरून त्यावर गोठा मांडायची. एरवी हिला कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी ती खुर्चीवर उभी राहून चर्चमधली गाणी बेसूर गायची. सरकार कम्युनिस्टांचं होतं, चर्चला जाणाऱ्यांकडे वाकडं बघण्याचे ते दिवस होते. फाइटच्या शाळेतल्या बाई एकदा तिला म्हणाल्या की देवदूत वगैरे जुनाट गोष्टी आहेत. ट्राउडलने त्यांना रविवारी कॉफीला बोलावलं, जळत्या मेणबत्त्यांच्या धगीवर फिरणारा मनोरा दाखवला, मनुकांचा केक खाऊ घातला. बाई चार तास बसल्या आणि जाताना कृती मागून घेतली.

तर अशी ती. तिच्या घरी डिसेंबरात दार लावलेलं मी पाहिलं नाही. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचं भांडण झालेलं, कोणाला चूल पेटवायचाच कंटाळा, सगळे तिच्या टेबलाशी. एकदा मी तिला म्हटलं, की बाई गं, तुझे पाय सुजलेत, बास कर. ती म्हणाली, "प्रार्थना मला बसून जमत नाही, हान्ना." मी लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर एकटीच राहायचे. माझ्यासाठी तर ते टेबल म्हणजेच घर होतं.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात उल्रिके गेली. रीतसर अर्ज करून, दोन वर्षं वाट बघून, सरहद्दीपलीकडे पश्चिमेत. तिथे तिचा एक माणूस होता. गेलेल्याला परत येता येत नसे, भेटायलासुद्धा. एरहार्ट कारखान्यात कातकामाचा मुख्य होता. मुलगी पलीकडे गेली म्हणून पंधरा दिवसांत त्याला लेथवरून काढलं आणि खोकी बांधायला बसवलं. तीस वर्षं ज्या हातांनी देवदूत कातले, त्या हातांनी तो आता त्यांना भुश्शात पॅक करायला लागला. त्याला दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. पण माणसाला दुःख झालं की त्याने ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाढावं का?

त्या नोव्हेंबरात त्याने खिडकी स्वतः मांडली. फक्त खाणकामगार. आणि जाहीर केलं की ह्या घरात मुलगा आहे, मुलगी नाही, आणि तिचं नाव माझ्यासमोर कोणी काढायचं नाही. ट्राउडलने देवदूत कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, ठेवलाय वर. तिने मान खाली घातली. मीही घातली. फाइटला पुढे शिकायचं होतं आणि बहीण पलीकडे गेलेल्या मुलाला कॉलेजात जागा मिळणं कठीण होतं, तेव्हा उगाच रस्त्याला आठवण कशाला करून द्यायची, असं मी स्वतःला समजावलं. रस्ता काही विसरला नव्हता. येणारेजाणारे खिडकीशी थांबायचे, एक दिवा बघायचे आणि पुढे जायचे. चार नाताळ असे गेले. उल्रिकेची पत्रं ट्राउडल माझ्या खोलीत येऊन वाचायची. तिला गाणं म्हणताना त्यानंतर मी ऐकलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या नाताळाच्या संध्याकाळी आम्ही पाच जण टेबलाशी होतो. एरहार्ट, ट्राउडल, फाइट, मी आणि शेजारच्या म्हाताऱ्या लोशनरबाई. शिवाय एक रिकामं ताट, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी, रीतीप्रमाणे. टेबलाखाली गवताची पेंढी, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात पाव-मीठ. त्या रात्री आमच्याकडे नऊ पदार्थ करतात. सॉसेज, बटाट्याचे गोळे, आंबवलेला कोबी, मसूर, आळंब्यांचं सूप, बीट, असं सगळं, आणि शेवटी दुधात भिजवलेला पाव. आणि एक नियम. एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत ताटावरून कोणी उठायचं नाही. जो उठेल त्याला पुढचा नाताळ दिसत नाही. उठायची मुभा एकटीला, घरच्या बाईला, कारण वाढायचं तिला असतं.

सहाच्या घंटा झाल्या. एरहार्टने प्रार्थना म्हटली, पाव मोडला, मीठ लावून सगळ्यांना दिला. मग आम्ही ट्राउडलकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"सूप," एरहार्ट म्हणाला.

"खिडकीत देवदूत आला की वाढते," ती म्हणाली. "तोवर मी उठत नाही."

मला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ट्राउडल पाहुण्याला उपाशी बसवेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. स्वयंपाकघरातून मसूर खाली लागल्याचा वास यायला लागला आणि तिने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. पंचवीस वर्षांत मी तिला रागावलेलं बघितलं नव्हतं, त्यामुळे राग ओळखायलाही मला वेळ लागला.

एरहार्टने आवाज चढवला. पाहुण्यांसमोर शोभतं का, सणाच्या दिवशी शोभतं का. इतकाच हवा असेल तर जा माळ्यावर आणि आण, असं तो म्हणाला. ती म्हणाली की माळा तिने ह्या चार वर्षांत चार वेळा उपसलाय, तळघरही, आणि शेडसुद्धा. "कुठे आहे, एरहार्ट?"

तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जाळला. त्याच वर्षी."

लोशनरबाईंच्या हातातला पाव तसाच राहिला. मला माझ्या भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरंच वाटली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. चार वर्षं बायको माळ्यावर खोकी उचकतेय आणि हा खाली बसून पेपर वाचतोय. पोरीच्या जन्माचा देवदूत ह्याने चुलीत घातला आणि त्याच चुलीवर तिने ह्याची कॉफी केली, रोज, चार वर्षं.

ट्राउडल रडली नाही. "मग नवा कर," ती म्हणाली. "लेथ शेडमध्ये आहे. लाकूडही आहे."

"आत्ता? ताटावरून?"

"आत्ता."

लोशनरबाई घाबरून म्हणाल्या की एरहार्ट, बाबा, बसून राहा, वर्ष निघायचं नाही. ह्या बाईंचा जीव त्याच्यासाठी तुटत होता की सुपासाठी, देव जाणे. फाइट एकोणीस वर्षांचा, चेहरा लाल झालेला, म्हणाला, "आई, मार्चमध्ये माझ्या जागेचं पत्र यायचंय. रस्त्यावरून सगळे बघतात."

"तुझा खाणकामगार काढून ठेवू का?" ट्राउडल म्हणाली. "तू कोणाचाच नाहीस म्हटल्यावर देतील जागा."

एरहार्टने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून त्याची ही खोड, आईने धरलं की माझ्याकडे बघायचं, आणि मी दर वेळी काहीतरी बोलून त्याला सोडवायचे. ह्या चार वर्षांतही मी गप्प राहून त्याला सोडवतच आले होते. त्याच्याइतकाच मला माझा राग आला.

"उठ, एरहार्ट," मी म्हणाले.

तो उठला. रीत मोडून, खुर्ची मागे सारून, नुसत्या शर्टावर बर्फातून शेडकडे गेला. दार उघडंच राहिलं आणि ते लावायलाही कोणाला उठता येईना, म्हणून आम्ही थंडीत बसून राहिलो. मग लेथचा आवाज सुरू झाला. कारखान्यात त्याला लेथला हात लावू देत नव्हते आणि घरचा त्याने स्वतःच बंद ठेवला होता, तेव्हा तो आवाज मीही चार वर्षांनी ऐकत होते. ट्राउडलने ख्रिस्तजन्माची गोष्ट पाठ म्हटली, जशी ती दर वर्षी जेवणाआधी म्हणायची, पण त्या दिवशी तिचा आवाज मध्येच करडा होत होता. पोटुशी मरिया दारोदार फिरते आणि कोणी घरात घेत नाही, तिथे आली तेव्हा ती फाइटकडे बघून म्हणत होती. फाइट पावाचे कण बोटाने गोळा करत होता.

तासाभराने एरहार्ट आला. केसांत भुसा, हात थंडीने निळे. देवदूत पांढराफटक होता. रंग नाही, डोळे नाहीत, पंखही नाहीत. हात मात्र लावलेले होते, जुन्या डब्यातले कुठलेतरी, गोंद अजून ओला. तो खिडकीशी गेला, खाणकामगार थोडा सरकवला आणि देवदूत त्याच्याशेजारी ठेवला. दोन मेणबत्त्या लावल्या. पण देवदूताचं तोंड घराकडे.

"आपल्याला दिसला की झालं," तो म्हणाला.

"रस्त्याकडे," ट्राउडल म्हणाली.

बाहेर चर्चला निघालेले लोक होते, बर्फात त्यांची पावलं वाजत होती. एरहार्ट पाठमोरा उभा होता, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसला नाही. फाइट आपल्या जागेवरून, बसूनच, हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, फिरवा." मला त्या पोराची त्या क्षणी इतकी माया आली की मी तोंडात पाव कोंबला.

एरहार्टने देवदूत फिरवला. गोंद सुटेल म्हणून दोन्ही हातांत धरून, सावकाश. मग तो तिथेच उभा राहिला.

"उल्रिकेला लिही," तो म्हणाला, "पंख राहिलेत म्हणून."

"तूच लिही," ट्राउडल म्हणाली, आणि सूप गरम करायला उठली.