कप्पी परीक्षक आणि अक्कलदाढ

माझा मोठा भाऊ चहालासुद्धा मार्क देतो. समोर कप आला की एक घोट घ्यायचा, छताकडे बघायचं आणि जाहीर करायचं, "साडेसहा." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण वहिनींच्या चहाने अजून सातचा उंबरठा ओलांडलेला नाही. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "उद्यापासून तुम्हीच करा." दादाने केला, प्यायला आणि स्वतःला पाच दिले. म्हणजे माणूस लबाड नाही. नुसता असह्य आहे.

धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्या कामात 'चालतंय की' म्हणून भागत नाही. दोरखंडाची एक तार सुटलेली दिसली की तो अख्खी लिफ्ट बंद करून मोकळा होतो, मग वरच्या मजल्यावरच्या बाई कितीही तणतणू देत. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरण्याआधी तो दाराच्या चौकटीवर तळवा टेकवतो आणि क्षणभर डोळे मिटतो. तिला विचारून आत जावं, म्हणतो. मागे रांग खोळंबते, लोक चुकचुकतात, आणि बरोबर असलेली मी आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून उभी राहते.

दोन वर्षांमागे शिडीवरून पडून त्याचा गुडघा मोडला. घरी बसलेला दादा म्हणजे वहिनींच्या डोक्याला ताप. भिंतीचा रंग सहा, पडदे चार, शेजाऱ्यांचं कुत्रं आठ. शेवटी सुट्या भागांच्या दुकानातला त्याचा दोस्त भेटायला आला आणि दादाच्या फोनवर एक खेळ घालून देऊन गेला. वहिनी त्या दोस्ताला अजून दुवा देतात.

खेळ असा, की प्रत्येकाने एक प्राणी पाळायचा. खरा नव्हे, जगात कुठेच नसलेला. कुणाचा पंखवाला ससा, कुणाचं तीन शेपट्यांचं कासव, कुणाचा आग ओकणारा पण कायम सर्दी झालेला साप. त्याला शिकवायचं, लाड करायचे आणि दर महिन्याला स्पर्धेच्या रिंगणात उतरवायचं. रिंगणात चित्रं नाहीत, आवाज नाही. प्राण्याने काय काय केलं ते मालकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं. मधेच संगणक एक खोडा घालतो. दिवे गेले, दोरी तुटली, प्राण्याला शिंक आली, काहीही. तो खोडा निभावून उरलेला खेळ लिहून पुरा करायचा. मग तीन परीक्षक दहापैकी मार्क देतात. आपल्या भाषेत चालणारा असा एकच अड्डा असल्याने माणसं मोजकीच, आणि सगळी टोपणनावांनी वावरणारी.

दादाने आधी एक प्राणी पाळून पाहिला. तो दर वेळी शेवटून पहिला यायचा, कारण त्याचं वर्णन दुरुस्तीच्या अहवालासारखं असायचं: पुढचा डावा पाय उचलला, ठेवला. पण दुसऱ्यांच्या खेळांवर तो जे लिहायचा ते वाचून चालकांनी त्याला परीक्षकच करून टाकलं. नाव घेतलं 'कप्पी', लिफ्टचा दोरखंड जिच्यावरून फिरतो ती. ज्या माणसाला जन्मभर फुकट मार्क वाटायची खोड, त्याला ते काम मिळालं. गुडघा बरा झाला, दादा कामावर गेला, तरी रविवारची दुपार रिंगणासाठी राखीव राहिली. हात मात्र आखडता तो आखडताच. बाकीचे दोन परीक्षक आठ-नऊ उधळायचे, कप्पीचा आकडा सहावर अडायचा. नऊ त्याने कधी कुणाला दिले नाहीत.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय दादा कळायचा नाही.

ती नाटकात काम करायची. लहानपणापासून घरातल्या पडद्याआडून एंट्री घेणारी पोरगी. मोठी झाल्यावर एका नाटकात तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. आम्ही सगळे गेलो. प्रयोग संपला, ती तोंडावरचा रंगही न पुसता धावत बाहेर आली, भोवती तिची सगळी मंडळी, आणि तिने दादाला विचारलं, "बाबा, कसं झालं?"

दादाने छताकडे बघितलं. म्हणाला, "सहा. शेवटचं रडणं खोटं वाटलं."

ती हसली. मला ते हसू अजून आठवतं आणि दादाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. ती आत गेली, रंग पुसला आणि पुन्हा रंगमंचावर चढली नाही. वर्षभरात दुसऱ्या गावी नोकरी धरली, दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत. भांडण नाही, रुसवा नाही, दार आपटणं नाही. फोन मात्र वहिनींना करते. दादाने उचलला तर पाऊसपाण्याचं विचारते आणि वहिनींकडे द्यायला सांगते. दादा फोन देतो आणि तिथेच घुटमळतो. सहा म्हणणारा माणूस दुसऱ्या खोलीत जात नाही, एवढं माझ्या लक्षात आलेलं आहे.

गेल्या वर्षी रिंगणात एक नवी स्पर्धक आली. टोपणनाव 'अक्कलदाढ'. तिचा प्राणी म्हणजे भोपळ्याएवढं अस्वल, कान काचेचे, घाबरलं की किणकिणणारे. नाव काचकान्या. पहिल्याच खेळाला बाकीच्या दोघांनी 'वा वा' म्हणत आठ-आठ दिले. कप्पीने पाच दिले आणि लिहिलं, "अस्वल पढवल्यासारखं वागतं. त्याला स्वतःला काय हवंय ते कळत नाही."

मला वाटलं होतं, झालं, हीपण पळणार. पण तिचं उलट पत्र आलं. "बाकीचे नुसतं छान छान म्हणतात. तुम्ही नेमकं सांगितलंत. अजून सांगा." दादा हवेतच तरंगायला लागला. मला फोन करून वाचून दाखवलं. पुढे दर खेळानंतर त्यांची पत्रापत्री चाले. ती शिकत गेली, काचकान्याचे मार्क पाचाचे साडेपाच, सहा, सात झाले. 

एकदा तिने लिहिलं, "पूर्वी मला स्वतःला लोकांसमोर उभं राहायला आवडायचं. आता अस्वलाला पाठवते."

"कुणी काही बोललं का?" कप्पीने विचारलं.

"होता एक माणूस. जाऊ द्या."

त्यावर माझ्या भावाने काय लिहावं? "अशा माणसाला मुळात तिकीट देऊन आत घेतलंच कशाला? त्याचं बोलणं मनावर घेऊ नये."

स्वतःची मुलगी नाटक सोडून कवळ्या करते, समोरचीचं टोपणनाव अक्कलदाढ, आणि या शहाण्याच्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. लिफ्टची तुटकी तार याला अंधारात दिसते. पण ही पत्रं तो मला तुकड्यातुकड्याने सांगायचा आणि माझ्याही टाळक्यात पडला नाही, तेव्हा फार बोलत नाही.

प्रकाश पडला तो वर्षाच्या शेवटच्या, मोठ्या स्पर्धेत. त्या रविवारी मी त्याच्याकडेच होते. दादा खिडकीपाशी फोन घेऊन बसला होता, वहिनी आणि मी शेंगा सोलत होतो. एकाएकी तो म्हणाला, "हे वाच." आवाज असा निघाला की मी हातातलं तसंच टाकून उठले.

काचकान्याचा खेळ होता. रिंगणाला या वेळी एक बंद दार होतं. अस्वल दारापाशी येतं, थांबतं, पंजा चौकटीवर टेकवतं, क्षणभर डोळे मिटतं. आतल्याला विचारतं आणि मगच पाऊल टाकतं.

"हे असं जगात कोण करतं?" दादा म्हणाला.

 लहानपणी पोरगी त्याचं बोट धरून कामावर जायची आणि हात पुरत नसे म्हणून टाचा उंचावून चौकटीला तळवा टेकवायची, ते मी पाहिलेलं होतं. वहिनींनी फोन हातात घेतला, वाचला आणि तिथेच बसल्या. "माझीच आहे," एवढंच म्हणाल्या.

पुढे खेळात खोडा आला होता. संगणकाने अस्वलाचा एक कान फोडला. अस्वल लपत नाही. काचेचा तुकडा उचलतं, पंज्याने डोक्याशी धरतं आणि तसंच नाचत राहतं. फुटक्या कानाचा आवाज वेगळा येतो आणि शेवटी तोच ठेका होऊन बसतो. मला रिंगणातलं ओ की ठो कळत नाही, पण मी ते दोनदा वाचलं.

आता पंचाईत अशी. तिथला नियम आहे की परीक्षकाची कुणाशी ओळख निघाली तर त्याने सगळ्यांसमोर फलकावर तसं लिहायचं, नातं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तसं लिहिलं की पोरीला कळणार, वर्षभर ज्याने आपल्या मनातलं काढून घेतलं तो कप्पी म्हणजे तोच सहा मार्कवाला माणूस. ती रिंगण सोडून गेली तर? पत्रं बंद. लेकीचा जो काही आवाज त्याच्या वाट्याला आला होता, तोही बंद.

"गप्प बस," मी त्याला म्हटलं. "नियमाला काय चाटायचंय? मार्क दे आणि पत्रं लिहीत राहा. तिला बरं वाटतंय, तुला बरं वाटतंय, कुणाचं काय बिघडतंय?"

"वन्सं बरोबर बोलतायत," वहिनी म्हणाल्या. "आणि अहो, दहा द्या तिला. एकदाचे दहा द्या आणि मिटवा."

दादाने पुन्हा वाचलं. मग पुन्हा. छताकडे बघितलं. नेहमी तिथे त्याला आकडा दिसतो. त्या दिवशी बराच वेळ मान वर करून बसला आणि खाली घातली तेव्हा चेहरा हरवलेल्या माणसाचा होता.

"मला हे नऊचं वाटतंय," तो म्हणाला. "पण हे नऊचं आहे, की माझ्या पोरीचं आहे म्हणून नऊचं आहे? मला कळेनासंच झालंय गं. तू सांग."

"मी काय सांगू? मला ते अस्वल घरी आणावंसं वाटतंय."

तो हसला नाही. "ती कप्पीवर विश्वास ठेवते," म्हणाला. "आई-बापाचे, मित्रमंडळींचे गोड शब्द तिला नकोत म्हणून कप्पीकडे येते. आणि मी आता आत बाप लपवून कप्पीच्या नावाने मार्क द्यायचे? ही तर शुद्ध फसवणूक."

मी चिडले. जन्मभराच्या खरेपणाने याला काय मिळालं होतं? म्हटलं, "तुला पोरगी हवीय की खरेपणा?"  मला वाटतं त्याला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळेल अशी आशा अजिबात नव्हती.

त्याने फलकावर लिहिलं. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत. "अक्कलदाढ यांची आणि माझी ओळख आहे. हे आज खेळ वाचताना कळलं. मी त्यांचा बाप आहे. मी मार्क देणार नाही." मग फोन खिडकीत पालथा ठेवला आणि आमच्याबरोबर शेंगा सोलायला बसला. दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत होता. वहिनी ते मागून निवडून वेगळं करत होत्या.

उरलेल्या दोघांनी मार्क दिले. काचकान्या दुसरा आला. अक्कलदाढकडून ना आभार, ना एक अक्षर. दादाने दोनदा फोन उलटा करून पाहिला आणि परत पालथा घातला. म्हणाला, "गेली." माझा सगळा राग त्या एका शब्दात विरघळला. एवढा म्हातारा मला तो आधी कधीच दिसला नव्हता.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. वहिनींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर, सगळ्या घराला ऐकू जाणारा. त्यांनी नाव बघितलं आणि न बोलता तो दादाच्या हातात दिला.

"किती दिले असते?" पोरगी म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"मला नाही सांगता येत."

"का? बाकी सगळ्यांना सांगता येतं."

"बाप आहे मी तुझा. मला ते चांगलंच दिसणार. माझ्या आकड्याला काय अर्थ आहे?"

 ती म्हणाली, "मग त्या दिवशी कोण होतात?"

वहिनींनी माझा हात धरला. दादाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, जणू तिकडून काही सोपं ऐकू येणार होतं.

"त्या दिवशीही बापच होतो," तो म्हणाला. "वाटलं, छान म्हटलं तर तुला वाटेल, बाप आहे म्हणून म्हणतोय. सहा म्हटलं की माणसाचा विश्वास बसतो."

"म्हणजे खरे किती होते?"

"मला माहीत नाही गं."

"असं कसं माहीत नाही? पहिल्या रांगेत बसला होतात तुम्ही."

"होतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता आणि या वेळी त्याने तो सावरला नाही. "पण तू आत आलीस, तिथूनच माझे डोळे जे भरून आले ते शेवटपर्यंत. मला नाटक दिसलंच नाही, बाळा. ते रडण्याचंही मी उगीच म्हटलं. मी न बघता मार्क दिले."

 फोन तुटला की काय म्हणून दादाने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"बाबा," पोरगी म्हणाली, "ठेवू नका. मी आहे."