खिडकीकडचं पॉकेट

जोगेश्वरीत धोंडूमामाच्या स्नूकर पार्लरमध्ये मामाला कुणी हरवू शकत नाही, ही गोष्ट अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या पोरांना ठाऊक होती. मोठमोठे तीसमारखां आले आणि चहा पिऊन गेले. कारण काय, तर टेबल. स्नूकरचं ते जुनं टेबल खिडकीकडच्या कोपऱ्यात किंचित कललेलं होतं. हळू मारलेला बॉल जाता जाता खिडकीकडे ओढला जायचा. मामाला त्याची नस न् नस माहीत. भाची प्रांजल शाळेत असताना पहिल्यांदा क्यूची काठी हातात घेऊन वाकली, तेव्हा मामाने तिला पहिला धडा दिला तो हाच, नेम खिडकीच्या उलट, समोरच्या भिंतीकडे धरायचा, "अर्धा बोट भिंतीकडे धरून मार गो, बाकीचा टेबल बघून घेता."

पोरगी शिकली, आणि अशी शिकली की राज्यात नाव झालं. मग व्यावसायिक खेळाडू होण्याचं वेड डोक्यात बसलं. त्याचा रस्ता एकच. वर्षातून एकदा पात्रता स्पर्धा होते, ती जिंकणाऱ्याला कार्ड मिळतं, आणि कार्ड मिळालं की जगातल्या मोठ्या खेळाडूंबरोबर खेळायला मोकळं. पहिल्या खेपेला प्रांजल उपांत्य फेरीत हरली. आई, सुलक्षणाबाई, शांतपणे म्हणाली, "आणखी एक वर्ष. नाही जमलं तर गुमान बँकेच्या परीक्षेला बसायचं." प्रांजल हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पण हरली कशी, हे तिला झोपू देईना. सोपे, हळू मारायचे बॉल तिने चुकवले होते, आणि सगळेच्या सगळे एकाच बाजूला, पार्लरमध्ये भिंत असते त्या. एके दुपारी भात कालवताना तिचा हात थांबला. अरे देवा, तिथलं टेबल तर सपाट होतं. अर्धं बोट धरायची सवय हातात इतकी मुरली होती की हात विचारतही नव्हता.

ती तशीच उठून पार्लरमध्ये गेली. "मामा, टेबल सरळ करून घेऊया ना."

मामाचा पारा चढला. "टेबल देवान धरून ठेवलाहा. तेका हलवूचा नाय. आणि तू काय माझ्यामुळे हरलंस?"

"तसं नाही रे मामा."

"मग कसा?"

झालं, अबोला सुरू. मामा कोकणातला, एकदा बिनसलं की फणसासारखा, बाहेरून नुसते काटे. प्रांजल लांब मुलुंडला एका क्लबात जाऊन सराव करायची. तिथे मिळेल तेवढा वेळ खेळायचा आणि नशिबाला बोल लावायचा. खरं सांगायचं तर मामाशिवाय तिला करमत नव्हतं, आणि मामालाही घास गोड लागत नव्हता. पण आधी बोलेल तो मामा कसला.

दसरा आला. दरवर्षी या दिवशी टेबलाला झेंडूचा हार, क्यूंना हळदकुंकू, आणि खिडकीकडच्या पायापाशी नारळ. मामा नारळ फोडायचा, पाणी त्या पायावर ओतायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचा. जमलेल्या मंडळींनी "होय महाराजा" म्हणायचं. दसऱ्याला घरचं माणूस चुकत नाही, म्हणून प्रांजलही येऊन मागे उभी राहिली.

मामा नारळ घेऊन खाली बसला. टेबलाच्या पायाखालच्या लाकडी ठोकळ्यावर सहज त्याचा अंगठा टेकला, तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं दबलं. त्याने नखाने टोकरलं. भुसा निघाला. दर दसऱ्याला ओतलेलं नारळाचं पाणी त्या ठोकळ्यात मुरत गेलं होतं, लाकूड कुजलं होतं, आणि टेबल तिथेच खचलं होतं. देवाने बिवाने काही धरलं नव्हतं. मामाच्याच भक्तीने टेबलाची वाट लावली होती.

 मामाने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा, आज ह्या टेबलाक हात लावतंय. माझ्याकडना काय चूकमाक झाली असात ती पोटात घाल. ह्या चेडवाच्या, माझ्या भाचीच्या, आड मी येव नये."

"होय महाराजा," मंडळी म्हणाली. प्रांजलने डोळे पुसले.

पहार आली, नवा ठोकळा बसला, टेबल सपाट झालं. पहिला डाव मामा आणि भाचीचा. मामाने नेहमीसारखा खिडकीकडच्या पॉकेटाकडे बॉल सोडला आणि तो भिंतीच्या बाजूला आपटून परत आला. दुसराही तसाच. सगळ्यांसमोर मामा हरला.  मामा आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सां जिंकला कोण गो? मी की टेबल?"

"मामा..."

"ऱ्हवांदे. आता दोघांय वांगडा शिकूया."

आणि दोघं शिकली. मामा रोज हरायचा, शिव्या घालायचा, पुन्हा बॉल मांडायचा.

दुसऱ्या खेपेला प्रांजल अंतिम सामन्यात पोचली. शेवटच्या डावात टेबलावर फक्त काळा बॉल उरला. पॉकेटात घातला तर कार्ड, चुकला तर बँक. बॉल उभा नेमका पार्लरमध्ये खिडकी असते त्याच बाजूच्या कोपऱ्याच्या वाटेवर, आणि मारायचा हळू. ती वाकली. हात आपसूक अर्धं बोट भिंतीकडे सरकला. तिला ते कळलं, आणि भीतीही वाटली. ती सरळ उभी राहिली आणि प्रेक्षकांत मामाकडे पाहिलं. मामाने तळहात आडवा धरला. सपाट.

ती पुन्हा वाकली आणि सरळ मारलं. बॉल हळूहळू चालत राहिला, कुणाकडेही ओढला गेला नाही, आणि पॉकेटात पडला.

 तेवढ्यात मागच्या रांगेतून मामाचा आवाज आला, "होय महाराजा." रेफरीने डोळे वटारून तिकडे पाहिलं. पण प्रांजल तोवर क्यू टेबलावर टाकून मामाकडे धावत सुटली होती.