‘पाहिले’ नावाचं बटण

एआय एजंटसाठी माहिती लिहायचं काम मला मिळालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एजंटाला काय शिकवायचं? त्योच आपल्याला विमा शिकवून जातोय की." त्यांना एजंट म्हणजे तेवढाच ठाऊक. पण प्रश्न चुकीचा नव्हता. माणसासाठी लिहिताना थोडंफार गाळलं तरी चालतं, तो शेजारच्याला विचारतो. हे यंत्र लिहिलेलं खरं मानतं आणि कामाला लागतं.

आमची कंपनी कोल्हापुरातली, लहानशी. गावोगावच्या दूध संस्थांत दूध गार ठेवणाऱ्या टाक्या असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. टाकीतलं दूध तापायला लागलं की आमच्या पडद्यावर लाल ओळ येते आणि टुंय टुंय सुरू होतं. ओळीशेजारी ‘पाहिले’ असं बटण असतं. ते दाबायचं आणि लगेच गावाला फोन करून काय बिघडलंय ते विचारायचं, असा नियम. आता हे काम एजंट करणार होता, आणि त्याने काय वाचून काम करायचं ते मी लिहीत होते.

नियम लिहून झाल्यावर मी ड्यूटीच्या खोलीत जाऊन बसले. तिथे टुंय झालं की हातातला चहाचा कप खाली न ठेवता कोणीतरी ‘पाहिले’ दाबायचं. फोन क्वचितच. "लाईट गेली असंल, ईल की परत," म्हणायचे, आणि बहुतेक वेळा यायचीही. पण एखाद्या वेळी नाही आली तर? म्हणून मी एजंटसाठी लिहिलं : ‘पाहिले’ दाबलेले दिसले तरी कोणी पाहिले आहे असे समजू नये. फक्त आवाज बंद झाला आहे. फोनची नोंद नसेल तर गावाला फोन लावावा.

कंपनीचे मालक, आमचे सर, मूळचे शिरोळकडचे. माणूस दिलदार, पण आवाज बांधावरचा. ते वाक्य वाचून तापलेच.

"मॅडम, आपल्याला काम देणाऱ्या दूध संघाची माणसं ह्ये वाचणार हायत. आमी नुस्तं बटण दाबतो असं लिवून द्यायचं व्हय?"

"खरं तेच आहे ना, सर?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची! काढा ते. बटण दाबलं म्हंजे माणसानं काम हातात घेतलं, असं लिवा."

"मी नाही लिहिणार."

मग त्यांनी माझं वाक्य काढून स्वतःच त्यांचं घातलं. मला इतका संताप आला की दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

एजंटच्या चाचणीच्या सकाळी दूध संघाचे अधिकारी आले. खऱ्या टाक्या, खरे आकडे, आणि मोठ्या पडद्यावर एजंट. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या तोवर मुरगूडकडच्या एका गावाची लाल ओळ उगवली. एजंट काही करायच्या आत शेजारच्या खोलीतून कोणीतरी सवयीने बटण दाबलं. एजंटने लिहिलं : माणसाने काम हाती घेतले आहे. मला काही करण्याची गरज नाही.

"शहाणं हाय की," एक अधिकारी म्हणाले. सगळे हसले.

मी त्या ओळीतला तापमानाचा आकडा बघत होते. तो चढत होता. अख्ख्या गावाचं सकाळचं दूध त्या टाकीत, आणि टँकर जाणार दुपारी. माझं माहेर म्हशीवाल्यांचं. नासलेलं दूध ओढ्यात ओततात तेव्हा घराघरांत काय होतं, ते मी बघितलंय. मी सरांकडे पाहिलं. आकडा त्यांनाही दिसत होता, पण ते पाहुण्यांना पोह्यांचा आग्रह करत राहिले.

मी उठून शेजारच्या खोलीत डोकावले. "गावाला फोन कुणी केला?" कुणीच केला नव्हता. मी परत आले आणि सगळ्यांच्या देखत टेबलावरच्या फोनच्या स्पीकरवरून त्या संस्थेच्या सचिवांना फोन लावला. 

"कंप्रेसर? व्हय, बंद पडलाय की. मगाचपास्नं."

"मग कळवलं का नाही?"

"आता कळवायचं काय त्यात? पेटीवरचा तांबडा दिवा लागलावता, त्येचा तुमी हिरवा केलासा की."

आम्ही बटण दाबलं की गावातल्या टाकीशेजारच्या पेटीवरचा दिवा हिरवा होतो. हे मला माहीत होतं. तो दिवा बघून गाव काय समजतं, हे माहीत नव्हतं. एजंट बटणाकडे बघून गप्प, गाव दिव्याकडे बघून गप्प. आंधळं दळत होतं आणि आम्ही पोहे खात होतो.

मघाच्या अधिकाऱ्यांनी बशी बाजूला सारून टँकरवाल्याला फोन लावला. "आत्ता निघाला तर वाचंल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली मजा गेली होती.

सचिवांचा फोन अजून स्पीकरवर चालूच होता. "म्हंजे ताई, तिकडं कोन बघत न्हवतं व्हय?"

सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, सांभाळून घ्या म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच बघत नव्हतं."

"आज?"

"बऱ्याच वेळा."

सरांनी मान खाली घातली. 

"बाया दूध घालून झालं की इचारत्यात मला," सचिव म्हणाले, "दुधाकडं बघायला कोन हाय का म्हनून. मी रोज सांगतो, जावा घरला निवांत, कोल्हापूरची मानसं बघत्यात."