भर रस्त्यातून
आमच्या शेजारच्या शिक्षिकाबाई रोज संध्याकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत फिरायला जात. बोलणं तुटक, चाल तरातरा. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची पायवाट गेली आणि उरल्या जागेत दुकानदारांनी पोती रचली. मग उसाच्या ट्रकने गल्लीतल्या एका म्हातारीचा पाय मोडला, तर लोक तिलाच बोलू लागले, "या वयात फिरायचं कशाला?"

ते ऐकून बाईंचा पारा चढला. त्या संध्याकाळी त्या रस्त्याच्या मधोमध चालू लागल्या. मागे ट्रक करकचून थांबला.

"बाई, कडंनं चाला की! मरायचं हाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"कड ठेवलीय कुठं? दाखव मला!"

ट्रक त्यांच्या मागून रांगत राहिला. मी ओट्यावरून उतरले आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या तशाच तरातरा पुलाकडे चालत राहिल्या.