तातोबाच्या वेलाला आलेली नरफुलं

कर्नलसाहेबांनी व्हरांड्यातल्या टेबलावर वेलाचा शेंडा टाकला. "ओव्हरसियर, ये क्या है?"

मी भिंग काढलं. बारीक पाच पाकळ्यांची फुलं, मोकळे लोंबते घोस. बोटाला पिवळी धूळ लागली.

"नरफुलं, सर."

"फीमेल प्लांट पे?"

ही लढाईच्या वर्षांतली गोष्ट. मी महाबळेश्वरात शेतीखात्याचा ओव्हरसियर होतो. विलायतेची बियर यायची बंद झाली, म्हणून हे रिटायर्ड कर्नलसाहेब बंगल्यावरच बियर करायचे. तिला कडू चव येते ती हॉप्समुळे. हॉप्स हा वेल. त्यात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. मादीच्या वेलाला कागदासारख्या हिरव्या पापुद्र्यांची बोंडं येतात, बियरला तीच लागतात. जवळ नर असला की बोंडांत बी धरतं, आणि मग साहेबांच्या मते बियर बिघडते.

साहेबांनी लढाईआधी विलायतेहून मुळ्या आणून चार वेल लावले होते. त्यातला एक नर निघाला. तो पहिल्याच वर्षी उपटायला सांगितला. उपटला माळ्यानं, म्हणजे तातोबानं.

तातोबा सांगलीकडचा. सगळा जन्म विड्याच्या पानांच्या मळ्यात गेलेला. साहेबांना वेलातला माणूस हवा होता, तेव्हा सांगलीजवळचे पानमळेवाले अण्णाप्पा पाटील यांनी स्वतःच्या शब्दावर त्याला वर महाबळेश्वरला धाडला. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. तातोबा हॉप्सजवळही अनवाणीच जायचा. साहेबांचे पाहुणे हसायचे. तो म्हणायचा, "हसू द्यात की. येलाला काय ठावं, कुनाचा द्येस कंचा!"

त्या दिवशीही तो पायरीखाली अनवाणी उभा होता.

मी विचारलं, "तातोबा, तो उपटलेला नर कुठं टाकलास?"

"टाकला न्हाई, सायब. जिता येल उकिरड्यावर कसा टाकायचा? आमच्यात न्हाई टाकत. कुंपनाभाईर लावला. पयल्याच पावसात कुजून गेला."

झालं! मला हवं ते त्यानं आपल्याच तोंडानं सांगितलं, असं मला वाटलं. नराचा वेल यानं जगवला, त्याची कलमं मादीत मिसळली, आणि आता साळसूद बनतोय.

"आवं, पर ह्यो तो न्हवं. ही आपली मादीच हाय. येकदा बुडापासनं हात फिरवून बगा की."

मी पंचविशीतला, नवा डिप्लोमा. तो माझ्या वडिलांच्या वयाचा. तरी मी हसून म्हणालो, "काय रे तातोबा, बाईला कधी मिशा फुटतात का?"

"फुटत्यात की कवा कवा. आमच्या आत्तीला हुत्या."

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेब पोट धरधरून हसले. तातोबा हसला नाही. वेल वीस पावलांवर होता. चहा आला होता, म्हणून मी उठलो नाही. बसल्या जागी रिपोर्ट लिहिला: 'मादी वेलावर नरफुले येणे अशक्य. माळ्याने नराची कलमे मिसळली असावीत.' साहेबांनी तातोबाला त्याच दिवशी काढलं आणि अण्णाप्पांना तशी चिठ्ठी लिहिली.

पुढच्या वर्षी साहेबांचं पुन्हा बोलावणं आलं. माळी नवा होता, आणि त्याच वेलावर पुन्हा नरफुलं होती. या वेळी मात्र मी शिडी मागवली. बुडाला हात लावला आणि तो न उचलता वर नेला. खोड एकच. कुठं सांधा नाही, दुसरा वेल गुंतलेला नाही. खाली मादीची बोंडं, वर नराचे घोस.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या माझ्या जुन्या मास्तरांना कळवलं. त्यांचं कार्ड आलं: 'क्वचित होते. वेलावर ताण पडला की होते. तुमच्या पुस्तकात नसेल.' साहेबांना कार्ड दाखवलं. "पुअर चॅप," म्हणाले, आणि ग्लास भरायला आत गेले.

मी रजा काढून सांगलीला गेलो. अण्णाप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"सायब, आमचा आख्खा मळा कलमांवर उभा ऱ्हातो. कलमात लबाडी करतो म्हनल्यावर मानूस मळ्यात कसा घ्यायचा? मी घेतला न्हाई. मग कुनीच घेतला न्हाई. मातीकामाला जायचा. गेल्या पावसाळ्यात वारला."

तिथून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको हौसाबाई शेंगा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तातोबा खरं बोलत होता, चूक माझी होती. सांगताना मला रडू फुटलं.

तिचे हात थांबले. "मला रोज सांगायचं, हौसे, येलानं आपनहून केलं, म्या न्हाई. म्या म्हनायची, आवं, सायब शिकल्यालं, त्ये कशाला खोटं लिवतील? कबूल करा आन् मोकळं व्हा."

"मग?"

"लय दीस न्हाई म्हनालं. शेवटाला म्हनालं, आसंल बाई. माझंच चुकलं आसंल." तिनं पदरानं तोंड झाकलं.

माझ्याजवळ मास्तरांचं कार्ड होतं. ते कुणाला दाखवणार?

पुढं तीस वर्षं नोकरी केली. रिपोर्टात 'अशक्य' हा शब्द पुन्हा लिहिला नाही, 'मी पाहिले नाही' असं लिहीत गेलो. आणि वेलावर बुडापासून हात फिरवल्याशिवाय कधी सही केली नाही. हे सगळं मला तातोबानं त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि वेल वीस पावलांवर होता.