भरमाण्णांचे दोन इंच

भरमाण्णा लोहार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. गाडी शेडसमोर थांबली की ते गोणपाट अंथरत, त्यावर उताणे पडत आणि पाठीवर सरकत गाडीखाली जात. चौकशी तिथूनच सुरू होई. आपण उन्हात उभे, समोर फक्त त्यांचे दोन अनवाणी पाय, आणि गाडीच्या पोटातून येणारा आवाज: "कुठनं आलाय? कोण चालवतंय? माल किती भरूलालाय?" एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, जरा बाहेर येऊन विचारा की." आतून उत्तर आलं, "उभा माणूस खोटं बोलतो ओ. गाडी खालनं खोटं बोलत न्हाई. दोघांचं जुळतंय का बघूलालोय."

पन्नासच्या दशकाची अखेरची वर्षं होती. मी साताऱ्याहून बंगळूरला नोकरीला आलो होतो. धरणांच्या जागा पाहणारं आमचं सरकारी खातं, आणि खात्याची एक जीप. पाहणीची ठिकाणं सगळी खडकाळ. वाटेतले धोंडे जीपच्या पोटाला लागत, आणि एकदा तर इंजिनाच्या तळाची तेलाची टाकीच फुटली. तेव्हा मोठ्या साहेबांनी फर्मावलं, जीप चार इंच वर उचलून घ्या. स्प्रिंगचे नवे पाटे खात्याच्या गोदामातून मिळाले. ते बसवायचे कोणी, तर येलहंक्याच्या वाटेवर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे शेड असलेल्या भरमाण्णांनी. मूळचे खानापूरचे. लढाईच्या काळात लष्करी गाड्यांच्या डेपोत फिटर म्हणून आले आणि इथेच राहिले.

निघताना याच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "हे लोक चांगले पाटे ठेवून घेतात आणि जुने बसवतात. तुम्ही तिथून हलायचं नाही." मी चोवीस वर्षांचा, नोकरी कच्ची. मी प्रत्येक पाट्याच्या टोकाला पोगराने, म्हणजे खूण ठोकायच्या टोकदार कांबीने, तीन बारीक ठिपके मारले आणि कोणाला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी भरमाण्णा गाडीखालून म्हणाले, "किती माणसं बसतात?"

"चार."

"सरी, ठीक हाय." मग त्यांनी आमचा ड्रायव्हर नंजप्पा याला हाक मारून तेच कानडीत विचारलं. नंजप्पा भोळा. तो म्हणाला, माणसं चार, पण मागे सिमेंटची पोती, तंबू, आणि परतताना साहेबांच्या घरी जळणाची लाकडं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भरमाण्णा बाहेर आले, पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही लबाड न्हाई. तुम्हाला ठाऊक न्हाई. ते जास्ती वाईट."

मला तो माणूस आवडला नाही. इतके प्रश्न विचारणाऱ्याच्याच मनात काहीतरी असतं, असं मला वाटे. मी लाकडी खोक्यावर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवू लागलो. तेही मधूनच मान न वळवता माझ्याकडे बघत. त्यांची बायको सावित्राक्का दुपारी दोघांना ताक आणून देई आणि हसत म्हणे, "मांजरं बसल्यागत बसलाय की ओ दोघं."

काम मात्र बघण्यासारखं होतं. प्रत्येक पाटा ते तारेने आढ्याला टांगत आणि हातोडीने हलकेच वाजवत. पाटा घंटेसारखा वाजायला हवा. मग भट्टीत लाल करून त्याची कमान वाढवत, तेलात विझवत, पुन्हा बेताने तापवून हवेत निवू देत. निवाला की पुन्हा टांगून वाजवत. मला समजावून सांगत नसत, पण पुटपुटत: "कडक झाला तर मोडतो. मऊ झाला तर बसतो. माणसागतच हाय."

तिसऱ्या दिवशी मी पाटे मोजले. दोन कमी होते.

साहेबांचं बोलणं तंतोतंत खरं ठरलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, दोन पाटे कुठे गेले? माझ्या खुणा आहेत त्यांच्यावर."

"ठिपके ना? तीन तीन. पहिल्याच दिवशी बघितले." ते जराही गडबडले नाहीत. भिंतीमागून त्यांनी एक पाटा आणला. त्यावर रॉकेल चोळलं, थोडा वेळ ठेवलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरवली. मग हातोडीचे दोन ठोके. पांढऱ्या पुडीवर केसाएवढी एक काळी रेघ हळूच उमटली. आतल्या भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. "गोदामातनंच असा आलाय. हा बसवला असता तर घाटात मोडला असता."

मी ओशाळलो. पण हिशोब तरी पुरा व्हायला हवा. "आणि दुसरा?"

"त्याची चूक सापडली न्हाई अजून. वाजतो वाईट."

"मग परत द्या. आम्ही गोदामात जमा करू."

"म्हंजे दुसऱ्या गाडीला बसवणार. नको बा. सापडली चूक की देतो."

कितीही वाद घातला तरी त्यांनी तो पाटा दिला नाही. आणि जीप त्यांनी उचलली, तीही चार इंच नव्हे, दोनच. बरोबर लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले आणि ब्रेकची मागची रबरी नळीही वाढीव लांबीची बसवली. मी आणखी दोन इंचांचा आग्रह धरला, तेव्हा ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "आयका. गाडी वर गेली की चाक खाली लोंबतं. शॉक पुरला पाहिजे, नळी पुरली पाहिजे. आणि उतारावर आडवी लावली तर उंच गाडी लवकर पडते. दोन इंच मी देतो. त्याच्या वरचे दोन तुमच्या साहेबाला मिळतील, पण ते नंजप्पाच्या अंगातनं कापून घेतलेले असतील."

कचेरीत आल्यावर मी रिपोर्ट लिहिला. काम अपुरं, एक पाटा सदोष, दाखवला, एक पाटा परत केला नाही, कारण समाधानकारक नाही. शेवटचं वाक्य एकदा खोडावंसं वाटलं. पण साहेबांना आवडेल हे मला ठाऊक होतं. ते वाक्य मी तसंच ठेवलं.

साहेबांना ते आवडलंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी जीप शहरातल्या दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पाठवली. कागद नाही, पत्र नाही. नंजप्पाला तोंडी सांगितलं. त्या लोकांनी पाट्यांना हात लावला नाही. पाटा चासीला जोडणाऱ्या पट्ट्या तेवढ्या लांब घातल्या, आणि जीप साहेबांना हवी तशी उंच झाली. भरमाण्णांचे शॉक आता आखूड पडत होते, म्हणून ते सरळ काढूनच टाकले. नळी तीच राहिली. जीप कचेरीच्या आवारात आली तेव्हा सगळ्यांनी तिच्याभोवती फेरी मारली. मीही मारली. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, पण मी बोललो नाही.

महिन्याभरात ती उलटली. पाहणीहून परतताना उतारावर मागचं चाक घळीत गेलं, धरून ठेवायला शॉक नसल्याने एक्सल लोंबला आणि नळीला ताण बसून ती तुटली. त्या जीपला ब्रेकच्या तेलाचा एकच रस्ता. तो फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. जीप आडवी घसरली आणि कलंडली. सुदैवाने नंजप्पा एकटाच होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. उलटलेली जीप चाकांवर उभी करून आवारात आणून ठेवली होती. साहेबांनी फाइल उघडून दिली, आणि फाइलमध्ये काय होतं, तर माझा रिपोर्ट. स्प्रिंगचं काम लोहाराचं. त्याने एक पाटा दाबून ठेवलेला. दुसऱ्या वर्कशॉपचं नावनिशाण कुठे नाही. नंजप्पा इस्पितळात तापाने बरळत होता. भरमाण्णांवर पोलिसांत तक्रार करायची, इथपर्यंत गोष्ट आली.

भरमाण्णांना बोलावलं तेव्हा ते काखेत एक लांबट पुडकं घेऊन आले. मला वाटलं होतं, ते ओरडतील, शपथा घालतील. त्यांनी कोणाला नमस्कारही केला नाही. गोणपाट अंथरून जीपखाली शिरले. साहेब घड्याळ पाहू लागले. मग आतून आवाज आला, "रॉकेल द्या. आणि खडू."

मी धावत जाऊन दोन्ही आणलं. ती तुटकी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. शॉकच्या रिकाम्या जागा दिसत होत्या. आपण निर्दोष आहोत हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं असणार. पण त्यांनी त्याकडे बोटही दाखवलं नाही. आधी चारही स्प्रिंगा उतरवायला लावल्या, स्वतः ठोकून बसवलेला एकेक पाटा सुटा केला, रॉकेल चोळलं, पुसला, खडू टाकला आणि वाकून पाहिला. घामाचे थेंब पाट्यावर पडू नयेत म्हणून डोक्याला फडकं बांधलं होतं. सगळे पाटे झाल्यावर ते उठले.

"माझ्यात चूक सापडली न्हाई," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "आता बाकीचं बघा."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणि तो दाबून ठेवलेला पाटा?"

भरमाण्णांनी पुडकं सोडलं. माझ्या तीन ठिपक्यांचा पाटा. "हा घ्या. तीनदा तपासला. चूक सापडली न्हाई. चांगलाबी असंल."

"मग ठेवून का घेतला?"

"माझा कान नको म्हणाला."

साहेब हसले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, आणि मला दिसलं की हे उत्तर या माणसाला बुडवणार. कान हा पुरावा होत नाही. साहेब माझ्याकडे पाहत होते. माझी नोकरी अजून कच्चीच होती आणि गावाकडे आई माझ्या मनीऑर्डरवर होती. तरी मी बोललो. जीप दुसरीकडे कोणी पाठवली, तिथे काय काढलं, काय घातलं, सगळं. भरमाण्णांनी चार इंचांना नकार देताना काय सांगितलं होतं, तेही. आणि शेवटी म्हणालो, "ते वाक्य मी पुराव्याशिवाय लिहिलं. मला फक्त संशय होता."

आठ दिवसांनी नंजप्पा शुद्धीवर आला आणि त्याने तेच सांगितलं. भरमाण्णा सुटले. साहेबांना ताकीद मिळाली. मला रायचूरकडे बदली.

जाण्याआधी मी शेडवर गेलो. भरमाण्णा एका लॉरीखाली होते. मी त्यांच्या पायांशी उभा राहून म्हणालो, "अण्णा, मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

ते खालूनच म्हणाले, "संशय घेतला ते बरं केलं की ओ. मीबी तुमच्यावर घेतला होता." मग सरकत बाहेर आले, उठून बसले आणि हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "पण संशय आला की तपासायचा असतोय. तुम्ही लिहून टाकला."

सावित्राक्काने ताक आणलं, ते मी उभ्यानेच प्यालो.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी पुन्हा बंगळूरला आलो. येलहंक्याच्या वाटेवर शेड होती, पण तिचं दार बंद होतं. शेजारी पानपट्टीच्या खोक्यात नंजप्पा बसला होता, कुबडी बाजूला टेकवून. ती जागा त्याला भरमाण्णांनीच करून दिली होती. भरमाण्णा मागच्याच वर्षी गेले, असं त्याने सांगितलं. शेड मात्र त्याआधी दोन वर्षं बंद होती.

"का? आजारी होते?"

"छे." नंजप्पाने सांगितलं ते असं. एके सकाळी दोड्डबळ्ळापूरची एक लॉरी काम करून घेऊन गेली. दुपारी जेवता जेवता भरमाण्णा थांबले. मागच्या डाव्या पाट्याच्या बोल्टचा एक नट आपण आवळला की नाही, हे त्यांना आठवेना. ताटावरून उठले. नंजप्पाला म्हणाले, चल. दोघे बसने दोड्डबळ्ळापूरला गेले, बाजारात विचारत विचारत लॉरी शोधून काढली. ड्रायव्हर चहा पीत होता, तो चिडला. भरमाण्णा भर रस्त्यात लॉरीखाली शिरले. पाना लावला.

"सैल होता?" मी विचारलं.

"घट्ट होता. जराही हलला नाही. मी म्हटलं, अण्णा, उगाच आलो." नंजप्पाने कुबडी पुन्हा नीट टेकवली. "घरी आल्यावर भट्टी विझवली आणि शेडला कुलूप घातलं. अक्का विचारू लागली, काय झालं, नट तर घट्ट होता ना? तर म्हणाले, नट घट्ट होता गं. पण मी आवळल्याचं मला आठवत नव्हतं. आता हे काम बस."