टेलिप्रिंटरची परवानगी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होतो आणि मला हौशी रेडिओचं वेड लागलं होतं. क्वार्टरच्या गच्चीवर तारेचा अँटेना, आत स्वतः जोडलेला सेट आणि रविवारी सकाळी सावनेरच्या तारमास्तरांशी गप्पा. ते तार ऑफिसातून निवृत्त झालेले. मोर्स, म्हणजे तारेची आखूड-लांब ठोक्यांची लिपी, मला त्यांनीच शिकवली. माइकला ते हात लावत नसत. "बोलाले कोणालेही येते," म्हणायचे. रोमन अक्षरांत मराठी कट्ट-कडकट्ट करत आम्ही सकाळभर ठोकत बसायचो.

मग त्यांचे कान जायला लागले. आधी त्यांचं 'पुन्हा सांग' वाढलं, मग निरोप अर्ध्यावर तुटायला लागले. एका रविवारी मी हाका मारत राहिलो आणि उत्तरच आलं नाही. मास्तर सेटसमोरच बसले असणार हे मला माहीत होतं.

मी स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हेच. लकडगंजात एका भंगारवाल्याकडे दोन जुने टेलिप्रिंटर पडले होते, ते उचलून आणले. एकावर टाइप केलं की दोन सुरांची किरकिर हवेत जाणार, आणि दुसरीकडे मास्तरांच्या टेबलावर तीच अक्षरं कागदावर उमटणार. कानांचं कामच नाही. सुरांची अक्षरं करणारा डबा मी घरीच बनवला. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून, तारेने जोडून पाहिली, झकास चालली. फक्त हवेत सोडायचं बाकी होतं.

तिथे माशी शिंकली. माझं लायसन खालच्या दर्जाचं. त्यात बोलणं आणि मोर्स, एवढीच मुभा. टेलिप्रिंटरला वरचा दर्जा हवा, आणि वरच्या दर्जाला मोर्सचा जास्त वेग. म्हणजे मोर्स टाळायला यंत्र आणलं, तर ते चालवण्याआधी हाताने भराभर ठोकून दाखवा! माझं डोकंच फिरलं. त्या परीक्षेत मी आधीच आपटलो होतो.

तडक बस धरून सावनेर गाठलं आणि मास्तरांपुढे कागदावर लिहिलं, 'एकदाच सोडू. कोण ऐकतंय?'

त्यांनी वाचलं आणि घर दणाणेल एवढ्या आवाजात म्हणाले, "नाही गा! जन्मभर कायद्यानं तार पाठवली मी. आता लायसन गेलं तं मी नुसता बहिरा म्हातारा उरीन."

मग परीक्षेसाठी त्यांनीच मला तयार केलं. ऐकू तर धड येत नव्हतं. ते माझं मनगट बघत बसायचे. "लांबवाले खाऊन राहिला तू. काहून घाई करून राहिला गा?" मी चिडायचो, उठून फेऱ्या मारायचो, परत बसायचो. शेवटी पास झालो. पण लायसन काही लवकर येईना. मी पोस्टमनला रोज इतकं छळलं की तो आमच्या ओळीत शिरताना आधी लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. तोवर मास्तरांचे कान पार गेले.

लायसन आलं तेव्हा यंत्र आणि डबा सावनेरला नेऊन त्यांच्या सेटला जोडून दिला. पुढच्या रविवारी माझं केंद्रचिन्ह, म्हणजे लायसनवरचं हवेतलं नाव, टाइप केलं आणि लिहिलं, 'मास्तर, नमस्कार. कसे आहात?'

काही नाही. मी बटणं पिळली, काटा बघितला, उठलो, बसलो. आणि स्पीकरमधून चक्क आवाज आला. स्वतःची कट्ट-कट्टसुद्धा ऐकू येत नव्हती म्हणून मास्तरांनी माइक उचलला होता.

"आली! अक्षरं आली गा! कसे आहात विचारलं तू मले!" मग आवाज एकदम खाली आला. "घरी कोणी काही बोलत नाही आता. ताट दाखवतात, मी जेवतो. बोट दाखवतात, मी उठतो. लिही. काही पण लिही."

मला रडू फुटलं. काय लिहावं सुचेना. परीक्षेसाठी नियम पाठ केले होते. त्यांत होतं की तांत्रिक चाचण्या सोडून हौशी लोकांनी बोलायचंच झालं, तर तार करण्याच्याही लायकीचं नसेल इतकं किरकोळ बोलावं. पाठ करताना त्या वाक्याचा मला भारी राग आला होता. आता मी लिहायला घेतलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राच्या चिमणीची राख पडली. बायको चिडली आहे. वांग्याच्या भाजीत मीठ पडलंच नाही. कालच्या बसमध्ये एकाची कोंबडी सुटली.

मी थांबलो की स्पीकर ओरडायचा, "मंग?"

कोंबडी संपली तसा मी ओट्याकडे वळून बायकोला म्हणालो, "अगं, मघाशी त्या कपड्यांवरून मला काय काय म्हणालीस, ते सगळं परत सांग. मास्तर विचारताहेत."